बिनतोंडी पाहुण्याला पासवर्ड कसा सांगायचा?

मागच्या मे महिन्यात चिपळूणजवळ आत्याकडे गेलो तेव्हा सोबत एक कॅमेरा नेला होता. परसातले केळीचे घड रात्रीत अर्धे होत. आत्याचा संशय वानरांवर, शेजारच्या काकांचा संशय गड्याच्या पोरावर. या वादाचा एकदा निकाल लावायचा होता. कॅमेरा मोसंबीएवढा, पांढरा, गोल. मी त्याची पिन बोर्डात घातली. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, लाल दिवा लुकलुकला आणि आतून कोणी बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. आत्या दचकली. मग चष्मा चढवून तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, याला बटणं नाहीत, पडदा नाही. मग वायफायचा पासवर्ड याला सांगतोस कसा?"

आत्या बिनतारी कॅमेऱ्याच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवून मोकळी झाली होती. फोनला किंवा लॅपटॉपला पासवर्ड द्यायचा तर आपण तो टाइप करतो. कॅमेऱ्यावर टाइप करायची सोयच नाही. वायफायवर आल्याशिवाय तो आपलं ऐकणार नाही आणि आपलं ऐकल्याशिवाय वायफायवर येणार नाही. या पेचातून अभियंत्यांनी ज्या वाटा काढल्या, त्यांची ही गोष्ट.

कॉफीच्या भांड्यापासून

जाळ्यावरचा, म्हणजे नेटवर्कवरचा, पहिला प्रसिद्ध कॅमेरा चोर पकडायला लावलेला नव्हता. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम'बाहेर कॉफीचं एकच भांडं होतं. वेगवेगळ्या मजल्यांवरचे संशोधक जिने चढून येत आणि भांडं रिकामं पाहून परत जात. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र प्रयोगशाळेतल्या जाळ्यावर सोडलं. चित्र करडं, अवघं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं. कॉफी तरी कुठे त्याहून भरभर भरत होती? १९९३च्या नोव्हेंबरमध्ये ते चित्र वेबवर आलं आणि एक साधं भांडं जगप्रसिद्ध झालं. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला, आणि ते भांडं लिलावात जर्मनीच्या 'श्पीगल' नियतकालिकाने ३,३५० पौंडांना विकत घेतलं.

तो कॅमेरा स्वतः जाळ्यावर नव्हता. तो एका संगणकाला जोडलेला होता आणि जाळ्याशी बोलायचा तो संगणक. कॅमेऱ्याच्या पोटातच छोटा संगणक बसवून त्याला जाळ्यावर स्वतःचा पत्ता द्यायचं काम १९९६मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने केलं. 'नेटआय २००' हे त्या कॅमेऱ्याचं नाव. पूर्ण आकाराचं एक चित्र पाठवायला त्याला १७ सेकंद लागत. तोवर केळी खाणारा घड संपवून निघून गेला असता!

नेटआयला जाळ्याची तार लागायची. १९९७ साली ८०२.११ हे बिनतारी जाळ्याचं पहिलं मानक आलं, १९९९मध्ये त्याची सेकंदाला १ कोटी १० लाख बिट वाहून नेणारी आवृत्ती आली आणि त्याच सुमाराला 'वायफाय' हे नावही. भारतात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा झाला. घरात राउटर लावायला आज कुणाची परवानगी लागत नाही, ती यामुळे. जाळ्याची तार गेली खरी, पण सोबत एक सोयही गेली. तार जोडली की ओळख आपोआप व्हायची. हवेतून येणाऱ्याला मात्र दारात नाव-गाव सांगावं लागतं.

डोळा आहे, कान आहे

सुरुवातीच्या बिनतारी कॅमेऱ्यांसाठी उपाय सरळ आणि कंटाळवाणा होता. आधी कॅमेरा तारेने राउटरला जोडायचा, संगणकावरून त्याच्या पानावर जाऊन वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा, मग तार काढून कॅमेरा भिंतीवर चढवायचा.

पुढची युक्ती अशी, की कॅमेरा स्वतःच थोडा वेळ राउटर होतो. नवा कॅमेरा चालू केला की फोनमधल्या वायफायच्या यादीत एक अगम्य नाव दिसतं. फोन त्याला जोडायचा, ॲपमध्ये घरच्या वायफायची माहिती भरायची. ती मिळाली की कॅमेरा आपलं दुकान बंद करतो आणि घरच्या राउटरकडे वळतो. हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत हेच काम ब्लूटूथवरून होतं, म्हणजे फोनला घरचं वायफाय सोडावं लागत नाही.

मला सर्वांत आवडते ती तिसरी युक्ती. कॅमेऱ्याला बोटं नसतील, पण डोळा आहे ना? मग त्याला दाखवा! ॲपमध्ये वायफायचं नाव आणि पासवर्ड भरला की फोनच्या पडद्यावर क्यूआर कोड उमटतो. तो कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत जाळ्याचं नाव, पासवर्ड आणि कॅमेरा कुणाच्या खात्यावर चढवायचा याची खूण असते. १९९४मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्यांच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवायला हा कोड तयार केला होता. तो पुढे कॅमेऱ्याच्या कानात पासवर्ड सांगेल, हे तेव्हा त्यांच्या गावीही नसेल.

कान म्हटलं, कारण काही कॅमेऱ्यांना पासवर्ड खरोखर ऐकवतात. फोन कॅमेऱ्याजवळ नेऊन आवाज पूर्ण मोठा करायचा. फोनमधून पाखरांच्या किलबिलीसारखे स्वर निघतात. त्या स्वरांत अक्षरं दडलेली असतात, आणि कॅमेऱ्याचा माइक ती जुळवतो. जुन्या मोडेमची ती घरघर आठवत असेल, तर हा त्याच घराण्यातला.

लांबीत लपवलेला निरोप

चौथी युक्ती ऐकली की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. यात फोन घरच्या वायफायवरच राहतो, कॅमेरा अजून बाहेरच असतो, आणि तरीही निरोप पोचतो.

वायफायवरून माहिती लहान लहान पुड्यांत जाते आणि प्रत्येक पुडी कुलूपबंद असते. बाहेरच्याला आत काय आहे ते वाचता येत नाही. पण पुडी केवढी आहे, हे त्याला कळतं. पाकीट चिकटवलेलं असलं तरी त्याची जाडी हाताला लागतेच ना, तसं. मग फोन राउटरकडे मुद्दाम ठरावीक लांबीच्या पुड्या सोडतो. आत काहीही भरलेलं असो, मजकूर लांबीतच आहे. समजा 'क'साठी १०१ लांबीची पुडी, 'ख'साठी १०२. खरी सांकेतिक रीत याहून गुंतागुंतीची असते, पण तत्त्व एवढंच. कॅमेरा एकेक चॅनल बदलत हवेतल्या सगळ्या पुड्या नुसत्या मोजत बसतो. ओळखीची लय सापडली की त्या चॅनलवर थांबतो आणि लांब्यांवरून पासवर्ड लिहून घेतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ही रीत 'स्मार्टकॉन्फिग' या नावाने आणली. स्वस्त वायफाय चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफची अशीच रीत 'ईएसपी-टच' म्हणून ओळखली जाते.

यातली उणीवही त्यातच आहे. कॅमेऱ्याला जे मोजता येतं ते शेजाऱ्यालाही मोजता येतं. वरून आणखी एखादं कुलूप घातलेलं नसेल, तर पासवर्ड त्या मिनिटभरासाठी उघड्यावर असतो.

हवेत न उच्चारलेला पासवर्ड

आता पासवर्ड कॅमेऱ्याजवळ आला. तो राउटरला 'हा घ्या पासवर्ड' म्हणत असेल, अशी आपली समजूत असते. तसं तो कधीच म्हणत नाही.

डब्ल्यूपीए-२ या प्रचलित पद्धतीत ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि जाळ्याचं नाव एकत्र घुसळून किल्ली काढतात. ही घुसळण ४,०९६ वेळा होते. उगाच नाही, एकेक पासवर्ड घालून पाहणाऱ्या चोराचं कामही तेवढ्याच पटीने वाढावं म्हणून. मग राउटर एक आकडा पाठवतो, जो दर वेळी नवा. कॅमेरा आपला आकडा ठरवतो, दोन्ही आकडे किल्लीत मिसळून उत्तर काढतो आणि आपला आकडा व उत्तराचा पुरावा परत पाठवतो. मग राउटर स्वतः तेच गणित करून पाहतो. उत्तर जुळलं तर पाहुणा घरचा. चार निरोपांत हे संपतं आणि पासवर्ड हवेत एकदाही उच्चारला जात नाही.

मग कॅमेरा विचारतो, 'मी कुठे राहू?' राउटर त्याला घरातला पत्ता देतो, १९२.१६८.१.१०७ असा काहीसा. इथे लाल दिवा निळा किंवा हिरवा होतो, आतली बाई आनंदाने काहीतरी बोलते आणि आपण हुश्श करतो.

चिऱ्याची भिंत

आत्याकडे मात्र ती बाई आनंदाने बोलेना.

पहिली चूक माझी. आत्याच्या राउटरवर दोन नावं होती, एक साधं आणि दुसऱ्याच्या शेवटी '५जी'. माझा फोन दुसऱ्यावर होता, म्हणून ॲपने क्यूआर कोडात तेच नाव भरलं. या ५जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काडीचा संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. स्वस्त कॅमेऱ्यांना बहुधा २.४ गिगाहर्ट्झच ऐकू येतं. कॅमेरा बिचारा दाखवलेलं नाव शोधत राहिला आणि ते त्याला कधी सापडणारच नव्हतं. फोन साध्या नावावर आणला, पुन्हा कोड दाखवला, आणि तो जोडला गेला.

मग त्याला उचलून मागच्या पडवीत नेला, तसा पुन्हा तुटला. राउटर ओटीवर, पडवी घराच्या पाठीमागे, आणि मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन चिऱ्याच्या भिंती. चिरा जांभ्याचा, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी या लहरी खातं. म्हणून मे महिन्यात कसाबसा चालणारा कॅमेरा जुलैत रुसू शकतो. पत्र्याचं दार किंवा लोखंडी कपाट मध्ये असेल तर लहरी तिथून माघारीच फिरतात.

फोनमधल्या एका ॲपवर मी सिग्नल मोजला. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ओटीवर उणे ५२, पडवीत उणे ८२. फरक तीसचा वाटतो, पण हा हिशोब असा आहे की दर १० अंकांना शक्ती दहापटीने घटते. म्हणजे पडवीत ओटीच्या एक हजाराव्या भागाएवढीच शक्ती पोचत होती. माजघराला मागच्या बाजूला खिडकी आहे. केबलवाल्याला बोलावून राउटर तिथे आणला, तर पडवीत उणे ६३ झालं. नवं काही विकत घ्यावं लागलं नाही.

शहरात अडचण भिंतीपेक्षा शेजाऱ्यांची असते. २.४च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच, १, ६ आणि ११. बिल्डिंगमधले वीस राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बसतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. स्वयंपाकघराजवळचा कॅमेरा नेमका दूध गरम होताना अडखळत असेल, तर भूतबाधा समजू नका.

पुण्यातून पडवी

आता खरी गंमत. मी पुण्यात बसून आत्याची पडवी पाहतो ती कशी? १९२.१६८.१.१०७ हा पत्ता आत्याच्या घरापुरताच. असाच पत्ता लाखो घरांत कुणाचा ना कुणाचा असतो. जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी, जगाला ते पुरत नाहीत, म्हणून घराला मिळून बाहेरचा पत्ता एकच. काही इंटरनेट कंपन्या तर अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात.

राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. आतून कुणी बोलावलं असेल तरच बाहेरच्याला सोडतो. म्हणून कॅमेरा स्वतःच आतून बाहेर, आपल्या कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून ठेवतो. मी पुण्यात ॲप उघडलं की माझा फोनही त्याच सर्व्हरला गाठतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगतो आणि दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पुडी सोडतात. दोन्हीकडच्या वॉचमनला वाटतं, हा आपल्याच माणसाने बोलावलेला. दारं उघडतात आणि चित्र थेट येऊ लागतं. वॉचमन फारच कडक असला तर चित्र सर्व्हरमार्गे वळसा घालून येतं आणि जरा रेंगाळतं.

चित्राचा बोजाही पाहू. फुल एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला १५ चित्रं धरली, तर सेकंदाला सुमारे ७५ कोटी बिट होतात. एवढं घरातलं वायफाय वाहणार नाही, गावचं फायबर तर नाहीच. म्हणून कॅमेरा एक चित्र पूर्ण पाठवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच कळवतो. रिकामी पडवी तीच राहते, हललं तर केळीचं पान. एच-२६४ या २००३च्या आणि एच-२६५ या २०१३च्या पद्धतींनी हा बोजा सेकंदाला वीसेक लाख बिटांवर आणता येतो. तरी एका दिवसरात्रीच्या रेकॉर्डिंगचे २१.६ जीबी होतातच. १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. घटना घडल्यावर पंधरा दिवसांनी चित्रण शोधायला बसणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही ते यामुळे.

साठएक पासवर्डांची यादी

आपण पासवर्ड कॅमेऱ्याला सांगायला इतकी खटपट करतो. पण दुसरा एक पासवर्ड कॅमेरा कारखान्यातूनच घेऊन येतो, तो त्याच्या स्वतःच्या दाराचा. तो बहुधा आपण पाहतही नाही.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने याच आळसाचा फायदा घेतला. त्याच्याकडे साठएक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, 'ॲडमिन-ॲडमिन' अशा थाटाची. तो इंटरनेटवर उघडी सापडलेली कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर अशी उपकरणं शोधायचा, यादीतली एकेक किल्ली लावून पाहायचा आणि दार उघडलं की आत ठाण मांडायचा. मालकाला पत्ता नाही, कॅमेरा तर नेहमीसारखाच चाललेला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा कब्जातल्या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या 'डिन' या कंपनीवर एकदम मागण्यांचा मारा केला. ही कंपनी संकेतस्थळांचे पत्ते सांगण्याचं काम करायची. तीच कोलमडल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारखी ठिकाणं अनेकांना तासन्‌तास उघडेनात. मिराई लिहिणारे तीन तरुण निघाले. त्यामागचं सुरुवातीचं भांडण होतं 'माइनक्राफ्ट' खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यातलं. डिनवरच्या हल्ल्याच्या आधीच त्यांनी प्रोग्रॅम जाहीर करून टाकला होता, म्हणजे तो कुणाच्याही हाती गेला होता. डिसेंबर २०१७मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं.

सरकारं त्यानंतर हलली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२०पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यावर कायद्याने बंदी आणली. भारतात इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या नियमांनुसार ९ एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या ठरावीक चाचण्या पार कराव्या लागतात. पण त्याआधी विकले गेलेले कॅमेरे आपल्या भिंतींवर, दुकानांत, जिन्यांत आहेतच. त्यांची चाचणी कोणी करणार नाही, ती आपल्यालाच करायची आहे.

शिडी लावण्याआधी

केळीच्या वादाचा निकाल तिसऱ्या रात्री लागला. कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांत, करड्या चित्रात, पहाटे दोनच्या सुमारास लांब शेपटीचं उदमांजर आलं आणि निवांत बसून केळी खाऊन गेलं. वानरंही सुटली, गड्याचं पोरही. आत्याने ते चित्रण शेजारच्या काकांना दोनदा दाखवलं.

तुम्ही कॅमेरा घेतला असेल तर एवढं करा. जोडणी राउटरजवळ टेबलावर करा, भिंतीवर नंतर चढवा. फोन २.४च्या जाळ्यावर ठेवा. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण वर टांगल्यावर तो दिसत नाही. ज्या जागी लावायचा तिथे आधी फोन नेऊन सिग्नल बघा. झोपायच्या खोलीकडे आणि शेजाऱ्याच्या दाराकडे त्याचं तोंड करू नका. ॲपमध्ये अपडेट आलं असेल तर घ्या. आणि कारखान्याचा पासवर्ड त्याच बैठकीत बदला. एकदा कॅमेरा वर चढला आणि चित्र दिसू लागलं, की पासवर्ड बदलायला पुन्हा कोणी शिडी लावत नाही.